एका लुगड्याचे मागणीपत्र

गेली वीस वर्षे मी मुलांना पत्रलेखन शिकवीत आलो आहे. मागणीपत्र, विनंतीपत्र, तक्रारीचा अर्ज अशा त्याच्या पोटजाती असतात आणि परीक्षेत प्रत्येकीचे गुण ठरलेले असतात. वर पत्ता, खाली दिनांक, मग विषय, मग 'महोदय' आणि शेवटी 'आपला विश्वासू'. एवढे सांभाळले की निम्मे गुण मुलाच्या पदरात पडतात. मधल्या मजकुरात त्याने नेमके काय मागितले आहे, हे मी खरे सांगायचे तर फारसे कधी वाचलेले नाही. पुस्तकांच्या दुकानाला लिहिलेल्या मागणीपत्रात एका मुलाने एकदा पुस्तकांची नावेच घातली नव्हती. अक्षर सुरेख होते. मी त्याला दहापैकी सात दिले.

हा कबुलीजबाब दिवाळीच्या शुभमुहूर्तावर देण्याचे कारण असे की यंदाच्या पावसाळ्यात मला स्वतःलाच एक मागणीपत्र लिहावे लागले, आणि त्याला गुण नव्हे, उत्तर यायला हवे होते.

मागणी होती एका नऊवारी लुगड्याची. आणि ते नेसणार होती संगणकातली एक बाई.

हे जरा नीट सांगायला हवे. माझी धाकटी बहीण चाकणला दिलेली आहे. तिची मुलगी आमच्याकडे निगडीला राहून कॉलेज करते, कारण चाकणच्या चौकातली सकाळची वाहनांची गर्दी पार करून वेळेवर तासाला पोहोचणे हे आता कोणाच्याच हाती राहिलेले नाही. मुलगी गुणी आहे. पण रात्री अभ्यास आटोपला की ती 'स्कायरिम' नावाचा खेळ खेळत बसते. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने २०११ साली काढलेला हा खेळ. त्यात एक थंड, डोंगराळ, बर्फाळ मुलूख आहे, तलवारी आहेत, आकाशातून झेपावणारे आग ओकणारे ड्रॅगन आहेत. आपण मनासारखे पात्र घडवायचे आणि त्या मुलखात भटकायचे. इतक्या जुन्या खेळात लोकांचा जीव अजून कसा रमतो, असे मी तिला विचारले, तेव्हा तिने मला 'मॉड' हा शब्द शिकवला. मॉड म्हणजे कंपनीने नव्हे, तर खेळणाऱ्यांपैकीच कोणा हौशी कारागिराने खेळात घातलेली भर. कंपनीने २०१२ साली त्यासाठी लागणारी हत्यारेच लोकांच्या हाती दिली. तेव्हापासून कोणी त्यात नवे घर बांधतो, कोणी नवा घोडा आणतो, आणि पुष्कळजण नवे कपडे शिवतात. बहुतेक सारे फुकट. २०१५ च्या एप्रिलमध्ये या मॉडना किंमत लावून पाहण्याचा प्रयत्न झाला होता. खेळणाऱ्यांनी एवढा ओरडा केला की चारपाच दिवसांतच तो मागे घ्यावा लागला.

ज्याला शिवता येत नाही तो अर्थातच मागतो. आमच्या भाचीनेही मागितले होते. तिची मूळ विनंती इंग्रजीत होती. तिचा मराठी अवतार असा : 'कोणीतरी प्लीज मराठी साडी बनवा. फार छान दिसेल. लवकर.' चार महिन्यांत तिला एकच उत्तर आले होते, तेही प्रश्नार्थक : 'मराठी म्हणजे काय?'

"मामा, तुम्ही पत्रलेखन शिकवता ना? मग मला लिहून द्या," ती म्हणाली.

मराठीच्या मास्तराला 'मराठी म्हणजे काय' असे कोणी विचारावे आणि त्याने गप्प बसावे, हे शक्य नव्हते. मी लगेच कागद ओढला आणि मोठ्या आवेशाने तीन पाने लिहिली. सातवाहनांपासून सुरुवात करून पेशवाईपर्यंत आलो. भाचीने ती पाने वाचली आणि अगदी नम्रपणे परत केली. "मामा, त्याला लुगडं शिवायचंय. पेपर नाही लिहायचा."

त्या क्षणी मला एक जुना प्रसंग आठवला आणि कानशिले तापली. बारा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी एक ऐतिहासिक नाटुकले बसवले होते. विषय आमच्याच बाजूचा : १६६० साली चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे जवळजवळ दोन महिने टिकून राहिला, तो वेढा. कपडेपटवाल्याला मी चिठ्ठी लिहिली : 'ऐतिहासिक मराठी पोशाख, नग सात.' पडदा उघडला तेव्हा संग्रामदुर्गाच्या तटावर सात मावळे लाल पुणेरी पगड्या घालून उभे होते. प्रेक्षकांत इतिहासाचे प्राध्यापक होते. ते हसले, मग सगळेच हसले, आणि फिरंगोजीला आपली शरणागती हशातच पत्करावी लागली. त्या रात्री मी कपडेपटवाल्याला वाटेल तसे बोललो. तो बिचारा एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलं तसंच दिलंय." पुढची बारा वर्षे मी हा प्रसंग त्याचा मूर्खपणा म्हणून सांगत आलो.

रविवारी बहीण आणि आमचे दाजी आले. दाजींचा चाकणच्या एमआयडीसीत एक छोटा गाळा आहे. दोन प्रेस, एक ड्रिल मशीन, पाच माणसे. मोटारींना लागणारे लोखंडी ब्रॅकेट ते मोठ्या वेंडरला करून देतात. या पट्ट्यात अशी शेकडो माणसे आहेत. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली एमआयडीसी आली, आणि तेव्हापासून आमच्या गावाचा मुख्य धंदा म्हटला तर एकाने वस्तू मागायची आणि दुसऱ्याने ती घडवायची, हाच आहे. मी आयुष्यभर इथे राहून तो कधी पाहिला नव्हता. दाजींनी भाचीची तीन ओळींची विनंती वाचली.

"ड्रॉइंग कुठंय?" त्यांनी विचारले.

"कसलं ड्रॉइंग?"

"मास्तर, ड्रॉइंग नाही, सॅम्पल नाही, मटेरियल नाही, आणि वर 'लवकर'! अशी ऑर्डर आली तर मी फोनसुद्धा उचलणार नाही."

मग त्यांनी आपली एक हकिकत सांगितली. धंद्याच्या सुरुवातीला एका पार्टीने फोनवरच सांगितले, 'मागच्यासारखेच करा.' यांनी मागच्यासारखी आठ मिलिमीटरची भोके पाडून दोन हजार नग पाठवले. मधल्या काळात पार्टीकडचा बोल्ट बदलला होता. भोक साडेआठचे हवे होते. सगळा माल रिजेक्ट. "ते म्हणाले आम्ही सांगितलं होतं, मी म्हणालो नव्हतं. कागद कोणाकडेच नाही. भांडणार कशावर?" त्या दिवसापासून दाजी कागदाशिवाय काम घेत नाहीत, त्यांच्याकडे कामाला येणारी माणसे अडाणी असोत की इंजिनियर. जाताना त्यांनी आणखी एक सांगितले, ते मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडले नव्हते. "शेवटी लिहा, जमत नसेल तर तसं कळवा. आमच्याकडे रिग्रेट लेटर असतं. नाही म्हणायला वाट ठेवली ना, की माणूस जरा विचार करतो."

तेव्हा आता ड्रॉइंग काढायचे ठरले. संगणकावर 'नऊवारी' म्हणून चित्रे शोधली. सारी चित्रे एक तर लावणीच्या फडातली, नाही तर लग्नाच्या मांडवातली. शालू, नथ, कंबरपट्टा, आणि हल्ली मिळणारी ती शिवलेली नऊवारी, जी पायजम्यासारखी पायांत चढवतात.

"ही नकोय मला," भाची म्हणाली.

"मग कोणती?"

"आजी त्या वासराच्या मागे पळाली होती ना शेतातून, ती."

ही गोष्ट मी विसरलो होतो. ती सात-आठ वर्षांची असताना आम्ही सगळे गावी खेडला गेलो होतो. वासरू दावे तोडून सुटले आणि माझी आई, साठी ओलांडलेली, पदर खोचून बांधावरून अशी धावली की आम्ही पुरुष बघत राहिलो. भाचीला बर्फातून ड्रॅगनच्या मागे धावणारी ती बाई हवी होती. हे तिच्या तीन ओळींत कुठेच नव्हते. मी तिला विचारलेही नव्हते. मी थेट सातवाहनांकडे गेलो होतो.

माझी आई आमच्याजवळच असते. वडील सत्तरीच्या दशकात पिंपरीला एका कारखान्यात लागले, तेव्हापासून ती या गावात आहे आणि सारा जन्म तिने लुगडे नेसले. इरकली, गर्द डाळिंबी, लाल पदराचे. पण दोन वर्षांपूर्वी संधिवाताने तिची बोटे वाकडी झाली. निऱ्या धरता येईनात. पहिल्याने आमच्या सौभाग्यवतीने नेसवून पाहिले, पण तिला स्वतःला नऊवारी येत नाही, आणि आईला दुसऱ्याने नेसवलेले आवडेना. मग एक दिवस तिने मुकाट्याने गाऊन घातला. त्याविषयी घरात कोणी काही बोलले नाही. लुगडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेली.

आता भाची तिच्यापुढे जाऊन बसली. "आजी, एकदा नेसून दाखव ना. फोटो काढायचेत. खेळात घालायचंय."

आईने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, ती रागावणार. ती म्हणाली, "कपाटातलं काढ. वरचं नको, ते जरीचं आहे. खालचं, धुऊन मऊ झालेलं."

त्या दिवशी मी प्रथमच लुगडे नेसताना पाहिले, म्हणजे समजून पाहिले. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. आईची बोटे चालत नव्हती, म्हणून ती सांगे आणि नात करी. आधी कमरेला वेढा, मग पोटाशी गाठ. "आवळ. आणखी आवळ. सगळं या गाठीवर असतं." मग निऱ्या घालून समोर खोचायच्या, आणि मग काठ दोन पायांच्या मधून मागे नेऊन कमरेला खोचायचा, तो कासोटा. उरलेले पाठीवरून फिरून डाव्या खांद्यावर येते, तो पदर. हे सगळे व्हायला तीन पाऊण तास गेले, कारण दोनदा गाठ सुटली. मी टेबलाशी बसून एकेक पायरी टिपून घेत होतो. भाचीने समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढले. "मागून कशाला गं?" आई म्हणाली. "कासोटा मागेच असतो ना आजी!" मग तिला हात वर करायला लावले, पाऊल पुढे टाकायला लावले, पाटावर चढायला लावले. पाटावर चढून ती क्षणभर तशीच उभी राहिली. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती काही न बोलता आत गेली.

मधल्या पंधरवड्यात भाचीने स्वतः ते लुगडे करून पाहण्याचा घाट घातला. 'ब्लेंडर' म्हणून एक साधन आहे. टोन रोझेनडाल नावाच्या डच गृहस्थाने घडवलेले, आणि २००२ सालापासून सर्वांना मोकळे आहे. तिला लुगडे काही जमले नाही, पण मागायचे काय ते समजले. खेळातला कपडा म्हणजे बारीक त्रिकोणांची एक जाळी असते, तिच्यावर कापडाचे चित्र चढवतात, आणि ती जाळी पात्राच्या आतल्या सांगाड्याला बांधतात. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या दोरीने बांधतात तशी. मांडी हलली की मांडीवरची जाळी हलते. पाचवारी साडीचा घोळ दोन्ही पायांना सामाईक असल्यामुळे तिथे पंचाईत होते, पाय कापडातून बाहेर डोकावतात. पण कासोट्याने लुगडे प्रत्येक पायाभोवती वेगळे होते, विजारीसारखे. म्हणजे शेतात पळायला जे सोयीचे, तेच या सांगाड्यालाही सोयीचे! अवघड दोनच जागा : समोरच्या निऱ्या आणि लोंबता पदर. आणि पदर तर कामाच्या बाईचा खोचलेलाच असतो. हे कळले तेव्हा मला झालेला आनंद माझ्या वयाला शोभणारा नव्हता.

मग आम्ही मामाभाचींनी पत्र लिहिले. आधी मराठीत, कारण जे मराठीत नीट सांगता येत नाही ते इंग्रजीत कसे येणार, असा माझा हट्ट; मग तिने त्याचे इंग्रजी केले. पत्र सरसकट सर्वांना नव्हे, एकाच कारागिराला होते. ते असे :

'तुम्ही केलेला शेतकऱ्याचा जाड लोकरी पोशाख मी वर्षभर वापरते आहे. त्याच्या बाहीवरचे ठिगळ मला विशेष आवडते. मला पश्चिम भारतातल्या महाराष्ट्रातल्या शेतकरी बाईचे रोजचे लुगडे हवे आहे. ते घालून पात्र धावेल, चढेल, लढेल. नाचाचे किंवा लग्नाचे नको. खेळाची २०१६ ची आवृत्ती, स्त्रीपात्र, खेळाचा मूळचाच बांधा. जुना कोणताही पोशाख न बदलता हा नवा म्हणून यावा. सोबत एकाच लुगड्याचे बारा फोटो, नेसण्याच्या पायऱ्यांची टिपणे, आणि उन्हात पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून काढलेला कापडाचा फोटो आहे. फोटो माझ्या आजीचे आहेत, तिची परवानगी आहे. कासोटा, घोट्यापर्यंतची लांबी आणि कमरेला खोचलेला पदर या तीन गोष्टी हव्याच. गाठीची चोळी, हिरव्या बांगड्या आणि काठाची नक्षी जमल्यास. रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल. दुसऱ्या खेळातून काही उचलून आणू नये. मी स्वतः प्रयत्न केला, समोरच्या निऱ्यांशी अडले; ती अर्धवट फाइल उपयोगी पडली तर घ्यावी. घाई नाही. जमणार नसेल तर तसे कळवावे, राग नाही.'

पत्ता नाही, विषय नाही, 'महोदय' नाही. परीक्षेत मी याला दहापैकी चार दिले असते.

खोटे सांगत नाही, यातली निम्मी वाक्ये मी घालू देत नव्हतो. 'पांढऱ्या कागदाशेजारी' कशाला, असे मी विचारले. तर डाळिंबी म्हणजे काय हे सातासमुद्रापलीकडच्या माणसाला कसे कळणार, आणि प्रत्येक फोनचा रंग निराळा, पांढरे ठाऊक असले की बाकीचे जुळवता येते, असे उत्तर मिळाले. 'मूळचाच बांधा' हे मी अश्लील म्हणून खोडले होते. ते तिने पुन्हा लिहिले. खेळातल्या बाईचे शरीरही लोकांनी परोपरीने बदललेले असते, आणि कापड कोणत्या शरीरावर बेतायचे हे न सांगणे म्हणजे शिंप्याला माप न देता चोळी टाकण्यासारखे. त्यातही पात्र सडपातळ की भरल्या अंगाचे हे शून्यापासून शंभरापर्यंत ठरवता येते, म्हणून कारागिराला प्रत्येक कपडा दोन टोकांचा असा दोनदा करावा लागतो. मधली मापे खेळ काढतो. एका लुगड्याची मागणी म्हणजे दोन लुगडी. आणि हे सारे तो माणूस आपली नोकरी सांभाळून, रात्री, फुकट करणार. 'लवकर' हा शब्द तिने आपण होऊनच खोडला.

उत्तर अकराव्या दिवशी आले. हो नव्हते, नाही नव्हते. एक प्रश्न होता. 'धावताना पदर सुटत नाही का?' भाचीने तो आजीला वाचून दाखवला. "सुटेल कशाला? दोनदा खोचायचा. एवढं कळत नाही होय त्याला?" हे उत्तर जसेच्या तसे गेले, आणि त्यानंतर त्या माणसाने काम हाती घेतले.

सहा आठवड्यांनी पहिले चित्र आले. आम्ही सगळे संगणकाभोवती जमलो. लुगडे सुरेख होते, कासोटा अगदी जागच्या जागी. आईने चष्मा लावला आणि म्हणाली, "ही कुठली, गुजरातेतली का?" पदर उजव्या खांद्यावर होता! मी लगेच कारागिराच्या अज्ञानाविषयी बोलू लागलो. भाची मात्र फोटो चाळत होती. बारांपैकी तीन फोटो तिने हौसेने आजीसोबत फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढले होते आणि त्यांत डावेउजवे उलटले होते. त्यांतलाच एक सर्वांत स्पष्ट होता. कारागिराने आम्ही दिले तसेच केले होते.

त्याची क्षमा मागितली. त्याच रात्री मी कपडेपटवाल्यालाही फोन केला. बारा वर्षांनी मी कोण हे त्याला आठवायला वेळ लागला. पगड्या म्हटल्यावर आठवले. त्याने विचारले, "यंदा काय बसवताय?"

नवरात्रात दुरुस्त लुगडे आले. संध्याकाळी भाचीने खेळ लावला. करड्या आभाळाखाली, पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याशी ती बाई उभी होती. डाळिंबी लुगडे, डाव्या खांद्यावरून येऊन कमरेला खोचलेला लाल पदर, हातात तलवार. भाचीने तिला पळवले. बर्फातून, लाकडी पुलावरून, उतारावरून. आई पुढे सरकून बघत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही.

मग म्हणाली, "हिच्या पायांत काही नाही का गं?"

नव्हते. खेळात जोडे हा स्वतंत्र नग असतो, आणि ते आम्ही मागितलेच नव्हते.

"कोल्हापुरी मागू का, आजी?" भाचीने कागद ओढत विचारले.

"बर्फात कसली कोल्हापुरी? आणि त्या तलवारवाल्याला आधी विचार, तिकडं चांभार आहे का ते."